असन्निधानाचा काळ : महानुभाव पंथाची एकनिष्ठा आणि त्याची ग्रंथरक्षणाची रीत

चक्रधरस्वामींनी १२७४च्या सुमारास उत्तरापंथे प्रयाण केले. त्यानंतर त्यांचा शिष्यपरिवार विदर्भातील रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या सेवेत एकत्र आला. गोविंदप्रभू हे चक्रधरांचे गुरू. लोकदृष्टीने वेडगळ वाटावे असे त्यांचे वर्तन होते, परंतु शिष्यांच्या लेखी ते साक्षात् परमेश्वरावतार होते. १२८७-८८च्या सुमारास त्यांचेही निर्याण झाले आणि पंथाच्या इतिहासात प्रथमच असा दिवस उगवला की, ज्या दिवशी शंका घेऊन जावे असे कोणीही उरले नाही. पंथाच्या परिभाषेत परमेश्वराच्या प्रत्यक्ष सहवासाला सन्निधान म्हणतात. त्याच्या विरहकाळाला असन्निधान. महानुभाव पंथाचे सारे वाङ्मय ह्या दुसऱ्या शब्दातून जन्माला आले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

संस्थापकाच्या पश्चात् अनुयायांनी एकत्र राहावयाचे कशाच्या बळावर, हा प्रश्न भारतातील प्रत्येक धर्मसंघापुढे कधी ना कधी आलेला आहे. बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर राजगृहाची संगीती भरली ती ह्याचसाठी, आणि वैशालीच्या संगीतीनंतर संघ दुभंगला तोही ह्याच प्रश्नाच्या उत्तरावरून. महानुभावांची परिस्थिती मात्र अधिक बिकट होती. त्यांना राजाश्रय नव्हता, विहार नव्हते, जमिनी नव्हत्या. चक्रधरांनी शिष्यांना अखंड भ्रमणाचा, नित्याटनाचा उपदेश केला होता. एका गावी ठाण मांडून राहणे हाच जेथे दोष, तेथे मठाच्या भिंती संघाला आवरून धरतील ही शक्यताच नव्हती. शिवाय मूर्तिपूजेचा, क्षेत्रयात्रेचा आणि व्रतवैकल्यांचा आधारही त्यांनी स्वतःहून नाकारलेला होता. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न व अनादी आहेत आणि देवतांच्या उपासनेने मोक्ष मिळत नाही, हा त्यांचा मूळ सिद्धान्त होता.

ह्या सिद्धान्तामुळेच बाहेरचा विरोध अटळ होता. यादवांचा करणाधिप हेमाद्री हा ‘चतुर्वर्गचिन्तामणी’चा कर्ता. त्याचे व्रतखंड चाळले तर वर्षातील प्रत्येक तिथीला कोणत्या ना कोणत्या देवतेच्या पूजेशी बांधून टाकणारा एक प्रचंड धर्मव्यवहार डोळ्यांपुढे उभा राहतो. त्याच राज्यात, त्याच दशकांत, चक्रधर स्त्रियांना आणि शूद्रांना संन्यासदीक्षा देत होते, विटाळचांडाळाच्या कल्पना झिडकारत होते आणि देवतांना मोक्षाच्या वाटेवरून दूर सारत होते. ‘लीळाचरित्रा’त हेमाद्रीच्या शत्रुत्वाचे जे उल्लेख येतात, त्यांतील तपशिलांविषयी अभ्यासकांत वाद आहेत, त्या शत्रुत्वामागच्या कारणाविषयी फारसा वाद असण्याचे कारण नाही.

गोविंदप्रभूंच्या पश्चात् पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. पंथात त्यांना भटोबास म्हणतात. त्यांच्या काळाचे दर्शन ‘स्मृतिस्थळ’ ह्या ग्रंथात घडते. त्या ग्रंथातील नागदेवाचार्य हे तत्त्वज्ञ म्हणून फारसे दिसत नाहीत. कोणी भिक्षेला कोणत्या गावी जावे, कोणी कोणाबरोबर राहावे, रुसलेल्याला कसे परत आणावे, मृत्यूच्या छायेत असलेल्या म्हाताऱ्या शिष्येजवळ कोणी बसावे, असल्या बारीकसारीक गोष्टींत त्यांचा दिवस जातो. वाचकाला हे प्रथम किरकोळ वाटते. परंतु मठ नसलेल्या, अधिकाराची उतरंड नसलेल्या संघात ऐक्य टिकते ते अशाच रोजच्या लक्ष देण्यावर. आणि ‘स्मृतिस्थळ’काराने नेमके तेच नोंदण्यासारखे मानले, ही त्याची ऐतिहासिक दृष्टी समजली पाहिजे.

नागदेवाचार्यांचा भाषाविषयक निर्णय मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. केशवराज आणि पंडित हे विद्वान शिष्य संस्कृतात प्रश्न विचारू लागले तेव्हा त्यांनी ती भाषा आपल्याला कळत नाही असे सांगितले. चक्रधरांनी आपल्याला मराठीत उपदेश केला, तेव्हा मराठीतच विचारा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे केशवराज संस्कृतात ग्रंथरचना करू लागले तेव्हाही त्यांनी त्यांना आवरले, आणि त्यामागचे कारण असे दिले की, तसे केल्याने पंथातील म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील. ह्या प्रसंगाचा उल्लेख बहुधा मराठीच्या अभिमानाचे उदाहरण म्हणून होतो. तो अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. नागदेवाचार्यांपुढचा प्रश्न भाषेच्या प्रतिष्ठेचा नव्हता. ज्या दिवशी पंथाचे ज्ञान संस्कृतात जाईल त्या दिवशी पंथात दोन वर्ग पडतील, एक ग्रंथ वाचणाऱ्यांचा आणि दुसरा ग्रंथाला नमस्कार करणाऱ्यांचा, हे त्यांनी ओळखले होते. भाषेचा निर्णय हा संघ अभंग ठेवण्याचा निर्णय होता. गुजरातेत जन्मलेल्या गुरूने मराठीत बोलावे आणि त्याच्या पट्टशिष्याने ती भाषाच संघाची सीमा ठरवावी, ह्यात एक विलक्षण संगती आहे.

असन्निधानात शिष्याने करावयाचे ते काय? चक्रधरांच्या शिकवणीनुसार त्याचे उत्तर स्मरण असे आहे : परमेश्वराच्या नामाचे, लीळेचे, मूर्तीचे आणि चेष्टेचे स्मरण. हा मुद्दा नीट ध्यानात घेतला नाही तर म्हाइंभटांच्या कार्याचे मर्म हाती लागत नाही. ‘लीळाचरित्र’ हे मराठीतील पहिले गद्य चरित्र म्हणून गौरविले जाते; परंतु त्याच्या कर्त्याला चरित्र लिहावयाचे नव्हते. त्याला साधनेची सामग्री गोळा करावयाची होती. स्वामी कोठे बसले, कोणत्या दिशेला तोंड करून बसले, कोणत्या आळीने गेले, कोणाच्या हातचे काय जेवले, हे सारे तपशील साधकाच्या मनश्चक्षूंपुढे उभे राहिले पाहिजेत, म्हणूनच त्यांना किंमत होती. तपशील चुकला तर स्मरण चुकले, आणि स्मरण चुकले तर असन्निधानातील एकमेव आधार ढळला.

सराळ्याचे म्हाइंभट हे मूळचे व्युत्पन्न ब्राह्मण, वादाच्या हौसेने चक्रधरांकडे आलेले. पंथपरंपरा असे सांगते की, रिद्धपूरला वाजेश्वरी येथे नागदेवाचार्य एकान्तात लीळांचे मनन करीत असत. ते पाहून म्हाइंभटांनी त्या लिहून काढण्याची अनुज्ञा मागितली. मग सुरू झाली ती शोधयात्रा. ज्याने जी लीळा प्रत्यक्ष पाहिली त्याच्याकडे जावयाचे, त्याच्या तोंडून ती ऐकावयाची, आणि मग नागदेवाचार्यांकडून ती तपासून घ्यावयाची. तेराव्या शतकाच्या अखेरच्या पादात, मराठीत, एका माणसाने हजाराहून अधिक प्रसंग अशा रीतीने जमविले. त्यांत आबाइसा, महादाइसा, बाइसा ह्या स्त्रिया आहेत, गुराखी, शेतकरी आणि व्यापारी आहेत, स्वामींची कुचेष्टा करणारेही आहेत. साक्षीदार जसा बोलला तसे लिहावयाचे, हा संकेत असल्यामुळे ह्या गद्यात अलंकरण नाही. वाक्ये तोकडी, क्रियापदांवर भर देणारी. यादवकालीन बोलीचा इतका विश्वसनीय नमुना दुसरा नाही. मराठी गद्याचा आरंभ शैलीच्या प्रयोगातून झाला नाही. साक्षीच्या गरजेतून झाला, आणि पुढच्या गद्यकारांनी तो विसरला नसता तर मराठी गद्याचे कदाचित् बरे झाले असते.

अडचण येथून पुढे सुरू होते. साक्षीदार अनेक असले की साक्षी जुळतीलच असे नाही. एकच प्रसंग एकीने पैठणचा म्हणून सांगितला, दुसऱ्याने दुसऱ्या गावचा म्हणून. एकाच्या आठवणीत स्वामींनी एक शब्द वापरला, दुसऱ्याच्या आठवणीत दुसरा. नागदेवाचार्य हयात होते तोवर निवाड्याला जागा होती. ते चौदाव्या शतकाच्या आरंभी गेले. त्यानंतर काही वर्षांतच देवगिरीचे राज्य कोसळले. १२९६ साली अलाउद्दीन खिलजीची पहिली स्वारी झाली, १३०७ साली मलिक काफूर आला, १३१३ साली शंकरदेव मारला गेला आणि १३१८ साली हरपाळदेवाच्या वधाने यादवसत्तेचा शेवटचा अवशेषही नाहीसा झाला. ह्या धामधुमीत केव्हा तरी पंथावर धाड आली. ती ‘खालशाची धाड’ ह्या नावाने पंथाच्या स्मृतीत राहिली आहे. त्या धाडीत म्हाइंभटांची मूळ पोथी नष्ट झाली, असे परंपरा सांगते.

पोथी नष्ट झाली, अनुयायी उरले. ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या आणि पोथ्या पुन्हा सिद्ध झाल्या. त्यांत हिराइसा ह्या स्त्रीचे स्थान फार मोठे आहे. तिच्या स्मरणशक्तीची ख्याती पंथात आजही सांगितली जाते. परशरामबास, रामेश्वरबास ह्यांच्याही नावांचे पाठ रूढ झाले. साहजिकच हे पाठ तंतोतंत जुळेनात. मूळ साक्षींतील भेदांवर आता पाठकर्त्यांच्या स्मृतींतील भेदांची भर पडली होती, आणि निवाडा देणारा अधिकारी पुरुष उरला नव्हता.

इतर संप्रदायांनी अशा प्रसंगी जे केले ते येथे आठवून पाहण्याजोगे आहे. १२९० साली सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’तही पुढील तीन शतकांत पाठभेद माजले. एकनाथांनी १५८४ साली तिची शुद्ध प्रत तयार केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. वारकरी संप्रदायाला ह्या एकाच प्रतीने मोठे स्थैर्य दिले; परंतु एकनाथांपूर्वीचे कोणकोणते पाठ होते आणि त्यांतील कोणता कोणी टिकवून धरला होता, ह्याचा माग त्यामुळे बराचसा पुसला गेला. वारकऱ्यांना हे परवडण्यासारखे होते. त्यांचे ऐक्य ग्रंथाहून वारीवर अधिक उभे होते. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरची वाट चालणाऱ्याला आपली ‘ज्ञानेश्वरी’ शेजाऱ्याच्या ‘ज्ञानेश्वरी’शी जुळते की नाही, हे पाहण्याचे प्रयोजन पडत नाही.

महानुभावांनी दुसरी वाट धरली. त्यांनी पाठभेद पोथीतच ठेवले. लीळा सांगता सांगता लेखक मध्येच थांबतो आणि हिराइसेच्या मते येथे असे आहे, अमक्याच्या मते तसे आहे, अशी नोंद करून पुढे जातो. अशा भेदाला पंथात वासना म्हणतात. आजच्या मराठीत ह्या शब्दाला जो अर्थ चिकटला आहे तो येथे मनातून काढून टाकला पाहिजे. मनावर उमटून राहिलेला संस्कार, मागे उरलेली आठवण, हा त्याचा जुना अर्थ येथे आहे. ‘शोधु’ ह्या शब्दाने सुरू होणाऱ्या टिपाही अशाच आहेत : अधिक चौकशी केल्यावर काय आढळले, ते त्या सांगतात. छापखाना आणि पाठचिकित्सेचे आधुनिक शास्त्र येण्यापूर्वी काही शतके एका भटक्या भिक्षुसंघाने पाठभेदांची, त्यांच्या मालकांच्या नावांसह, नोंद ठेवावी ही भारतीय ग्रंथेतिहासातील एक उल्लेखनीय घटना आहे. तिची जेवढी दखल घेतली जावयास हवी होती तेवढी अद्याप घेतली गेलेली नाही.

ही रीत केवळ विद्वत्तेच्या हौसेने आली असे मानता येत नाही. एखादा पाठ गाळला असता तर तो पाठ सांगणाऱ्याचा शिष्यवर्ग दुखावला असता, आणि प्रश्न तेवढ्यावर थांबला नसता : त्या वर्गाच्या दृष्टीने परमेश्वराची एक खरी लीळा गळाली असती, त्यांचे स्मरण खोटे ठरले असते. वासनेची नोंद ठेवल्याने कोणाचीच साक्ष खोटी ठरत नव्हती. अमुक पाठ ज्येष्ठ, अमुक कनिष्ठ, असा तरतम भाव असे, बहिष्कार नसे. ह्याच वृत्तीतून प्रामाण्याच्या पायऱ्याही ठरल्या. चक्रधरांचे वचन ते श्रुती, नागदेवाचार्यांच्या काळातील निर्णय ते स्मृती, त्यानंतरच्या ज्येष्ठांचे वर्तन तो वृद्धाचार, आणि चालत आलेली रीत ती मार्गरूढी. वैदिकांचे शब्द उचलून त्यांत संपूर्ण वेगळा आशय भरण्याचे हे धाडस लक्षात घेण्यासारखे आहे. खालच्या पायऱ्यांवर मतभेद झाले तरी वरच्या पायरीला धक्का लागू नये, अशी ही योजना होती.

केशवराजांनी, म्हणजे पंथाच्या केसोबासांनी, लीळांतून चक्रधरांची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला आणि ११४ दृष्टान्तांचा ‘दृष्टान्तपाठ’ रचला. वचन प्रसंगातून उचलले की त्याचा अर्थ मोकळा होतो, आणि मोकळा झालेला अर्थ भांडणाला कारण होतो. म्हणून पुढच्या भाष्यकारांनी प्रत्येक सूत्रामागचा प्रसंग सांगणारे वाङ्मय निर्माण केले : हे वचन कोणाला, कोठे, कोणत्या निमित्ताने उच्चारले गेले. बंद, लापणिक, प्रकरणवश अशा नावांचे हे टीकावाङ्मय रुक्ष आहे आणि साहित्याच्या इतिहासात त्याला दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. परंतु सूत्राला त्याच्या प्रसंगाकडे परत नेण्याची ही धडपड पाहिली म्हणजे ह्या पंथाला शब्दप्रामाण्यातील धोका किती स्पष्ट दिसत होता, हे कळते.

कवितेच्या बाबतीतही असाच एक कसोटीचा प्रसंग आला. भास्करभट्ट बोरीकरांनी ‘शिशुपाळवध’ रचला. नागदेवाचार्यांच्या मागे पंथप्रमुख झालेल्या भाइदेवबासांनी तो ऐकला. ग्रंथ उत्तम आहे, परंतु शृंगाराच्या भराने तो निवृत्तांच्या कामाचा राहिला नाही, अशा आशयाचे मत त्यांनी दिले. कवीने त्यावर वाद घातला नाही. त्याने ‘उद्धवगीता’ लिहिली. ह्या गोष्टीचा उपयोग पंथाच्या अरसिकतेचा पुरावा म्हणून केला गेला आहे. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. ज्या काव्याला पंथप्रमुखाने संन्याशांना अनुचित ठरविले, ते काव्य पंथाने टाकून दिले नाही. पुढे जे सात ग्रंथ ‘साती ग्रंथ’ म्हणून पूज्य मानले गेले, त्यांत ‘शिशुपाळवध’ आणि ‘उद्धवगीता’ हे दोन्ही आहेत, आणि नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ही आहे. नरेंद्राकडून आपले नाव त्या काव्यावर घालून घेण्यासाठी रामदेवराव यादवाने सोने देऊ केले आणि कवीने ते नाकारले, ही कथा प्रसिद्धच आहे. राजाला नकार देणारा कवी आणि पंथप्रमुखाचा आक्षेप मानणारा कवी, हे दोघे एकाच संघात, एकाच पिढीच्या अंतराने होऊन गेले.

तरीही फूट पडली. नागदेवाचार्यांनंतरच्या काही पिढ्यांत पंथाचे तेरा आम्नाय झाले. आम्नाय म्हणजे गुरुपरंपरेची शाखा. कवीश्वर आम्नाय भास्करभट्टांकडून निघाला. उपाध्ये आम्नाय आणि पारमांडल्य हेही प्रबळ होते. वाद झाले ते गुरुपरंपरेवरून, सूत्रांच्या अर्थनिर्णयावरून, आचारातील बारकाव्यांवरून. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर ह्या पंचकृष्णांविषयी किंवा चार पदार्थांविषयी कोणत्याही शाखेने वेगळी भूमिका घेतली नाही. कालान्तराने बहुतेक आम्नाय विराम पावले किंवा इतरांत मिसळले. उपाध्ये व कवीश्वर हे दोन प्रमुख उरले. दोहोंच्या पोथ्यांत एकमेकांच्या वासना नोंदलेल्या सापडतात. वेगळ्या चुली मांडल्या, पण धान्य एकाच कोठारातले, असा हा प्रकार होता.

ह्या कोठाराला जे कुलूप लावले गेले त्याचा हिशेब मात्र काटेकोरपणे मांडला पाहिजे. चौदाव्या शतकापासून महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहावयास आरंभ केला. सकळ, सुंदरी, अंक, वज्र अशी त्यांची नावे आहेत. त्यांपैकी सकळ लिपी सर्वाधिक प्रचारात होती, आणि तिचे जनकत्व परंपरेने रवळोबासांकडे दिले जाते. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह योजण्याची ही युक्ती. आक्रमकांपासून ग्रंथ वाचावेत म्हणून ती काढली, असे सर्रास सांगितले जाते. हे स्पष्टीकरण टिकणारे नाही. पोथी जाळणारा ती वाचून जाळीत नाही. त्याच्या लेखी सकळ आणि देवनागरी सारखीच. सांकेतिक लिपी आडवी येते ती वाचू शकणाऱ्याला, म्हणजेच मराठी जाणणाऱ्या शेजाऱ्याला. दीक्षा नसलेल्याच्या हाती पवित्र वचन पडू नये आणि निंदकाला निंदेसाठी साधन मिळू नये, हाच तिचा खरा हेतू दिसतो.

तो हेतू साधला. लिपीची किल्ली असणारे सारे आपले, अशी एक अदृश्य सीमा पंथाभोवती आखली गेली आणि विखुरलेल्या आम्नायांना तिने एकमेकांशी बांधून ठेवले. भाषेचाही काही लाभ झाला. बाहेरच्या लेखकूंच्या हाती न पडल्यामुळे ह्या पोथ्यांतील जुनी रूपे, ‘ज्ञानेश्वरी’च्या मानाने, कमी बदलली. परंतु हा लाभ ज्या किमतीला मिळाला ती लहान नव्हती. म्हाताऱ्या बायका नागवल्या जाऊ नयेत म्हणून ज्या पंथाने संस्कृत नाकारली, त्याच पंथाने दोन-तीन पिढ्यांत आपली मराठी इतर सर्व मराठी माणसांपासून लपवून ठेवली. पंथाच्या आतील म्हातारीला ग्रंथ उरला. गावच्या म्हातारीला नाही. नागदेवाचार्यांनी हे मान्य केले असते काय, हा प्रश्न ‘स्मृतिस्थळ’ वाचताना मनात उभा राहिल्यावाचून राहत नाही.

आणि निंदा टळली असेही नाही. उलट ती बेसुमार वाढली. ग्रंथ दिसत नाहीत म्हटल्यावर त्यांत काय असेल ह्याविषयी वाटेल ते बोलले गेले. पंथाच्या उत्पत्तीविषयी कृष्णंभट्टाची विकृत दंतकथा पसरली. भिक्षूंच्या काळ्या वस्त्रांवरून तर्क लढविले गेले. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण रूढ झाली. महानुभाव, म्हणजे थोर अनुभव असलेला, ह्या शब्दाचे मानभाव असे रूप झाले आणि त्यापासून ढोंगी ह्या अर्थाचे मानभावी हे विशेषण तयार झाले. किड्यामुंगीलाही इजा होऊ नये म्हणून जपणाऱ्या लोकांच्या नावावरून मराठी भाषेने कपटाचा शब्द घडविला. शिष्ट लेखकही तो शब्द त्याचे मूळ न आठवता वापरतात. लपविलेल्या ग्रंथांच्या जागी लोकांनी म्हण लिहिली, आणि ती म्हण वाचावयास कोणत्याही किल्लीची गरज नव्हती.

महाराष्ट्राबाहेर ह्या पंथाची जी वाढ झाली तिचाही येथे विचार करणे प्राप्त आहे, कारण तीत ऐक्याची दुसरी बाजू दिसते. चक्रधरांनी शिष्यांना महाराष्ट्रात राहण्याचा उपदेश केला होता. तथापि पुढील शतकांत पंथ उत्तरेकडे गेला. पंजाबात आणि पेशावर-काबूलच्या बाजूपर्यंत त्याचे अनुयायी झाले. तेथे त्यांना जयकृष्णी म्हणतात. घरी पंजाबी बोलणाऱ्या ह्या लोकांचे धर्मग्रंथ मराठी राहिले. त्यांतील जे संन्यास घेत ते मराठी शिकत, तेराव्या शतकातील मराठी, आणि सूत्रांचे पाठ तिच्यातच म्हणत. भाषान्तराचा मोह त्यांना झाला नसेल असे नाही; परंतु परमेश्वराने ज्या शब्दांत सांगितले तेच शब्द, ही निष्ठा बळकट होती. वस्तुतः नागदेवाचार्यांचा युक्तिवाद काटेकोर लावला तर पंजाबातील म्हातारीसाठी ग्रंथ पंजाबीत यावयास हवा होता. तिच्या दृष्टीने मराठी ही आता संस्कृतच्या जागी बसली होती. ज्या भाषेने एकदा संघ मोकळा केला तीच भाषा दुसऱ्या प्रदेशात त्याला सोवळी झाली, आणि तरीही तिनेच रिद्धपूरला लाहोरशी जोडून ठेवले. १९४७च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाब व सरहद्दीकडील अनुयायी भारतात आले. महानुभावांच्या मराठीचा इतिहास लिहिणाऱ्याला हे पंजाबी घर वगळून चालणार नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी कुलूप निघाले. वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे ह्यांनी सांकेतिक लिपीचे रहस्य उलगडले. त्यात पंथातील काही महंतांचे साहाय्य होते, ही गोष्ट विसरता कामा नये. हे महंत आपल्याच लोकांच्या रोषाला पात्र होण्याचा संभव होता. दीक्षाहीनाला ग्रंथ दाखविणे हा दोष, आणि न दाखविल्यास मानभावी हा शिक्का कायमचा, ह्या पेचात त्यांनी दाखविण्याचा पक्ष स्वीकारला. भाव्यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या १९१९च्या आवृत्तीत महानुभावांना प्रथमच त्यांच्या योग्यतेची जागा मिळाली. य. खु. देशपांडे ह्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ साली आला. ह. ना. नेने ह्यांनी ‘लीळाचरित्रा’चे भाग १९३६पासून प्रसिद्ध केले, वा. ना. देशपांडे ह्यांनी १९३९ साली ‘स्मृतिस्थळ’ छापले. पुढे शं. गो. तुळपुळे ह्यांची ‘लीळाचरित्रा’ची आवृत्ती १९६०नंतरच्या दशकात आणि वि. भि. कोलते ह्यांची १९७८ साली प्रसिद्ध झाली. अ‍ॅन फेल्डहाउस आणि तुळपुळे ह्यांनी केलेले ‘स्मृतिस्थळा’चे इंग्रजी भाषान्तर १९९२ साली निघाले, आणि त्याच्या नावात त्यांनी देवाच्या अनुपस्थितीचाच उल्लेख केला.

ह्या संपादकांपुढे पोथ्या आल्या त्या वासनांसह. एकच मूळ संहिता निश्चित करण्याची आधुनिक पद्धत आणि सर्व साक्षी जपण्याची पंथाची पद्धत ह्यांत मेळ घालणे सोपे नव्हते. वासना हे मूळ संहितेवर चढलेले कीट मानावे, की त्या संहितेचाच भाग मानाव्यात, हा प्रश्न प्रत्येक आवृत्तीत वेगळ्या रीतीने सोडविला गेला आहे. त्यांतील कोणतीही आवृत्ती उघडली तरी वाचक लीळेच्या मध्येच अडखळतो. तेथे हिराइसेचे नाव देवनागरी टंकात उमटलेले असते आणि ती म्हणत असते की, आपल्याला हे असे आठवत नाही.